अकरा पावलांची कोठी

१

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला महिना झाला, डॉक्टरनी काळा चष्मा उतरवायला सांगितलं, आणि त्या दिवसापासून गुलाम नबीचं कामात लक्ष लागेनासं झालं. बोरी अरबच्या बाजारात चाळीस वर्षं गाद्या आणि रजया भरून देणारा हा माणूस. ऐन डिसेंबरात, गिऱ्हाईक दारात उभं असताना, हातातलं दाभण खाली ठेवून रंग बघत बसायचा. खोळीच्या कापडावरची फुलं जांभळी होती. ती करडी आहेत असं समजून त्यानं गेली दोन वर्षं ते कापड विकलं होतं. समोरच्या लिंबावर पोपट यायचे, तेही त्याला आत्ता कळलं. बायकोच्या, म्हणजे हजराबीच्या नाकातल्या चमकीचा खडा हिरवा आहे हे तर तो साफ विसरून गेला होता.

"हा हिरवा कधी केला?" त्यानं विचारलं.

"निकाहात तुमच्या अम्मीनं घातला तईच हिरवा होता," हजराबी म्हणाली, आणि दोघंही हसत सुटले.

हजराबीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. आदल्या आठवड्यात दोरीवर वाळत घातलेल्या रजईला तिनं पाहुणी समजून सलाम केला होता. खोळीचे टाके वाकडे जायला लागले होते. यवतमाळला राहणाऱ्या लेकीनं, नुजहतनं, तिच्यासाठी दोनदा तारीख घेतली आणि दोनदा हजराबीनं आयत्या वेळी पोट दुखत असल्याचं सांगितलं. शेवटी तिनं एक अट घातली होती. नवऱ्याचा डोळा आधी करा. त्याचा डोळा महिनाभर नीट राहिला, तर ती जाईल. नाही राहिला, तर आहे तेवढ्या उजेडात तिचं भागेल.

महिना झाला होता. येत्या सोमवारची तारीख मिळाली होती. रोज सकाळी ती त्याला अंगणात उभं करून छपरावरचे कावळे मोजायला लावायची आणि शेजारणीला बोलावून आकडा तपासून घ्यायची. आकडा रोज बरोबर यायचा.

२

दुकानाच्या मागं रुईची, म्हणजे पिंजलेल्या कापसाची, कोठी होती. अरुंद, लांबट, तीन पावलं रुंद आणि अकरा पावलं खोल. तिला खिडकी नव्हती आणि विजेची वायरही कधी आत नेली नव्हती. रुईला एक ठिणगी पुरते, असं गुलाम नबीचे वडील सांगायचे, आणि त्यांच्या माघारीही तो नियम कुणी मोडला नव्हता. डाव्या हाताला पिंजलेल्या रुईचे गठ्ठे, उजव्या हाताला जायची वाट, शेवटी चुन्याची भिंत. भर दुपारी बारा वाजतासुद्धा आत काळोख. इतकी वर्षं तो हातानं चाचपत जायचा, पण नवा डोळा मिळाल्यावर आंधळ्यासारखं चाचपायचं कशाला? मोबाइलचा उजेड होता, पण गठ्ठा उचलताना तो कानाखाली धरावा लागे. त्याला खिशात राहील अशी, रोजची, लहान बॅटरी हवी होती.

बस थांब्याजवळ जीवनचं इलेक्ट्रिकचं दुकान होतं. जीवन बंजारा तांड्यावरचा, चाळिशीचा, आणि त्याचा बाप खेमसिंग हा गुलाम नबीचा जुना दोस्त. जीवन बॅटरी विकताना लग्न जुळवल्यासारखा विचारपूस करायचा. कोणत्या खिशात ठेवणार, दाबायला कोणता अंगठा, हातात ओझं असताना लागते का, सेल गावात मिळणारा पाहिजे की चार्जिंग चालेल. मग त्यानं काचेवर तीन बॅटऱ्या मांडल्या.

पहिली पेनाएवढी, एका सेलची, खिशाला अडकवायला क्लिप. उजेड पिवळसर, पसरट. दुसरी अंगठ्याएवढी जाड, काळी, मोबाइलच्या वायरवर चार्ज होणारी. तिचं बटण बुडाला होतं आणि खिशात चुकून दाबलं जाऊ नये म्हणून कुलूप होतं. तिसरी मुठीत मावायची, पण डोकं मोठं. हिचा झोत अर्ध्या किलोमीटरवर जातो, असं जीवन म्हणाला.

"चाचा, बॅटरी चपलेसारखी असते," तो म्हणाला. "घालून चाललं म्हंजे कळते. तिन्ही घरी न्या. रविवारी एक ठेवा, दोन आणून द्या."

गुलाम नबी तिन्ही बॅटऱ्या कुर्त्याच्या खिशात खुळखुळवत, लहान पोरासारखा घरी आला.

३

गुरुवारी त्यानं पेनवाली वापरली. कोठीत गेला, तिच्या पिवळ्या उजेडात त्याला गठ्ठ्यांवरचं कोळ्याचं जाळं दिसलं, भिंतीवरची पाल दिसली, आणि त्या पालीचाही त्याला आनंद झाला. अकरा पावलं, भिंत, गठ्ठा उचलला, परत. क्लिप तेवढी थोडी सैल वाटली.

शुक्रवारी नमाजेनंतर काळी घेऊन गेला. उजेड पांढराशुभ्र. चांगली रुई शेवटाला ठेवलेली असते म्हणून तो सरळ भिंतीकडे निघाला. पावलं तो मोजत नव्हता, पाय आपोआप मोजत होते. अकराव्या पावलाला त्यानं सवयीनं हात पुढं केला आणि हात रिकाम्या हवेत गेला.

भिंत पुढं होती. चार पावलं पुढं, स्वच्छ उजेडात, तशीच चुन्याची.

त्याला हसू आलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा पाय चुकले, असं म्हणत तो आणखी चार पावलं चालला. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की त्याची चप्पल वाजते आहे. रुईच्या कोठीत काहीच वाजत नाही. रुई खोकला गिळते, हाक गिळते. या कोठीत त्यानं स्वतःची चप्पल कधी ऐकली नव्हती. आता ती चट् चट् वाजत होती, एखाद्या रिकाम्या खोलीत वाजावी तशी. डावीकडे पाहिलं तर गठ्ठे मागंच संपले होते.

त्यानं भिंतीला हात लावला नाही. वळला आणि बाहेर आला. दुकानात हजराबी खोळ शिवत होती. रुई कुठं आहे, असं तिनं विचारलं. त्यानं सांगितलं की विसरलो.

४

गुलाम नबी हिशेबी डोक्याचा माणूस होता. गादीला किती हात कापड लागेल हे तो पलंग नुसता पाहून सांगायचा. म्हणून त्यानं शिवणाचा जाड दोरा घेतला. एक टोक कोठीच्या कडीला बांधलं, पेनवाल्या बॅटरीच्या उजेडात आत गेला, दोरा ताणून भिंतीला टेकवला आणि तिथंच तोडला. अकरा पावलं. तोडलेल्या टोकाला गाठ मारली, परत दाराशी आला. पेन खिशात ठेवली, काळी पेटवली आणि दोरा धरून पुन्हा आत गेला.

दोरा संपला. गाठ त्याच्या चिमटीत होती, दोरा मागं ताठ होता, आणि भिंत चार पावलं लांब होती.

आता काळी विझवून इथंच पेनवाली लावली तर काय होईल, असा विचार त्याच्या मनात आला. अंगठा बटणावर गेलाही. पण भिंत आपल्या पुढं येईल की मागं, हे त्याला ठरवता येईना. तो दाराकडे पाठ करून, झोत भिंतीवरून न हलवता, उलट्या पावलांनी बाहेर आला.

मग तो घराला वळसा घालून मागच्या गल्लीत गेला. कोठीची भिंत बाहेरून जिथं होती तिथंच होती. तिच्यात ठोकलेल्या खुंटीला शेजारच्या बळीरामची शेळी बांधलेली होती आणि शांतपणे पाला खात होती. बळीराम ओट्यावरून म्हणाला की चाचा, आजकाल फारच फिरता. गुलाम नबीनं त्याला शेळीचा रंग फार छान आहे असं सांगितलं.

म्हणजे डोळा. दुसरं काय असणार? भिंत हलत नाही, शेळी हलली नाही, हलला असेल तर डोळा. त्यानं नवा डोळा मिटून, ऑपरेशन न झालेल्या जुन्या डोळ्यानं पाहायचं ठरवलं, पण जुन्या डोळ्याला काळ्या बॅटरीचा झोत म्हणजे नुसता दुधाचा पेला दिसत होता. त्यात भिंत कुठली आणि पालथी परात कुठली!

त्यानं नुजहतला फोन लावला. दवाखान्यातल्या सिस्टरना विचार, म्हणाला, लांबचं जास्त लांब दिसते का काही दिवस? नुजहतनं विचारून तासाभरानं फोन केला. सिस्टर हसत होत्या म्हणे. लांबचं दिसावं म्हणूनच तर केलं, असं त्या म्हणाल्या.

फोन ठेवताना नुजहतनं सहज विचारलं की अम्मी तयार आहे ना सोमवारची. गुलाम नबी हो म्हणाला. डोळा बिघडला असेल तर ते हजरापासून लपवून तिला त्याच टेबलावर झोपवायचं? आणि सांगितलं तर? ती पुन्हा कधीच जाणार नव्हती. रजयांना सलाम करत म्हातारी होणार होती. त्या रात्री तो नीट झोपला नाही, पण सकाळी अंगणात उभा राहून त्यानं कावळे मोजले. नऊ. शेजारीण म्हणाली नऊ.

५

शनिवारी दुपारी हजराबी चहा ठेवायला आत गेली तेव्हा त्यानं तिसरी बॅटरी घेतली. आत पाऊल टाकायचं नाही, उंबऱ्यातूनच पाहायचं, हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. काय ते सोमवारच्या आत कळायला हवं होतं.

बटण दाबलं. आवाज झाला नाही, उजेड मात्र एकदम लांब पळाला.

गठ्ठे दिसले, गठ्ठे संपले, मग दोन्हीकडच्या चुन्याच्या भिंती पुढं गेल्या, आणखी पुढं गेल्या, एकमेकींच्या जवळ येत गेल्या, जसा सरळ रस्ता लांबवर बारीक होत जातो तशा. शेवटाला भिंत नव्हती. निदान उजेड पोचत होता तिथवर तरी नव्हती. पण उजेड जिथं थकत होता तिथं जमिनीवर काहीतरी होतं. पोत्याएवढं. गठ्ठा असेल, तो स्वतःला म्हणाला. पण तिथं गठ्ठा ठेवला कुणी?

"चहा थंडा होऊन राह्यला अन् तुमी इथं उभे," मागून हजराबीचा आवाज आला. तिच्या एका हातात बशी होती. दुसऱ्या हातानं तिनं त्याच्या हातातली बॅटरी काढून घेतली. तीन दिवस हा माणूस कसल्या खेळण्यात गुंतला आहे ते तिला पाहायचं होतं. तिनं झोत कोठीत फिरवला, मग सरळ धरला, आणि मान पुढं केली.

गुलाम नबी तिच्या तोंडाकडे बघत राहिला. दोन्ही बुबुळांवर दुधासारखी साय. दोन हातांवरचा कपही तिला चाचपून घ्यावा लागायचा.

"कोन बसलं हाय थे?" हजराबी म्हणाली.

त्यानं विचारलं, "तुले दिसते?"

"दिसते नं. पाठमोरं हाय."

त्यानं वळून पाहिलं. पोत्याएवढं जे होतं ते आता पाठमोरं नव्हतं. ते हळूच वळलं होतं, झोपेतून उठवलेलं माणूस वळतं तसं, आणि त्यानं एक हात डोळ्यांवर आडवा धरला होता. तेवढंच दिसलं. हात, आणि हाताखालची सावली.

"बंद करा, अजी," हजराबी बॅटरी त्याच्याकडे देत हळू आवाजात म्हणाली. "त्याच्या डोळ्यात जाऊन राह्यलं."

त्यानं बॅटरी विझवली. कोठीत नेहमीचा काळोख आला, रुईच्या वासाचा. दोघं श्वास धरून उभी राहिली. मग आतून, फार लांबून, चपलेचा आवाज आला. चट्. एकदाच. पुढचं पाऊल टाकावं की नाही असा कुणी विचार करत असावं, तसा.

गुलाम नबीनं दार ओढलं आणि कडी लावली.

६

दोघं दुकानात, अर्ध्या भरलेल्या गादीवर येऊन बसली. हजराबीच्या बशीतला चहा सांडून तिच्या मनगटावरून ओघळत होता आणि तिला कळलं नव्हतं. त्यानं तो कुर्त्याच्या टोकानं पुसला. मग त्याला हसू यायला लागलं. आधी खांदे हलले, मग पोट, मग डोळ्यांत पाणी आलं. हजराबीला वाटलं माणूस बिथरला.

"माह्या डोळ्यात काई खराबी नाई, हजरा," तो म्हणाला. "डोळा एकदम चांगला हाय."

मग त्यानं तिला सगळं सांगितलं. काळी बॅटरी, चार पावलं, दोरा, शेळी, नुजहतचा फोन, रात्रीची तळमळ. हजराबी ऐकत राहिली. कोठीबद्दल तिनं एक शब्द विचारला नाही. दोन दिवस तिच्यापासून लपवलं म्हणून मात्र तिनं त्याला असं झापलं की रस्त्यावरचं एक गिऱ्हाईक दारातूनच परत गेलं. चाळीस वर्षांत काही लपवलं नव्हतं, कावळ्यांचा आकडाही कधी खोटा सांगितला नव्हता, आणि आता हे!

झापून झाल्यावर तिनं हात लांब करून बोटं पाहिली, जवळ आणून पाहिली.

"मले माहा हात धड दिसत नाई," ती म्हणाली, "अन् थे दिसलं."

"हो."

"म्हंजे थे डोळ्यानं पाहाचं नाईच हाय." तिनं बशी खाली ठेवली. "मंग डोळ्याले काहून भ्यायचं? सोमवारी जाऊ आपुन."

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या अंगावरचा काटा अजून पुरता बसला नव्हता, आणि तरी त्याला वाटलं की उठावं आणि बाजारभर पेढे वाटावेत. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं, हे त्याला साठ वर्षांत माहीत नव्हतं.

७

रविवारी तो जीवनच्या दुकानात गेला आणि काळी आणि मोठ्या डोक्याची अशा दोन बॅटऱ्या काचेवर ठेवल्या. जीवनला नवल वाटलं. सगळं गाव ती मोठी मागतं आणि चाचा सगळ्यात मरतुकडी ठेवतात. या दोघींत वाईट काय आहे, असं त्यानं विचारलं.

"वाईट काई नाई," गुलाम नबी म्हणाला. "लय दूर जातेत. आपल्याले कोठीत जाचं असते."

जीवन हसला, त्यानं पेनवालीची सैल क्लिप पकडीनं दाबून घट्ट करून दिली आणि एक जादा सेल तसाच दिला.

सोमवारी एसटीनं दोघं यवतमाळला गेली. हजराबीचं पोट दुखलं नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा समोर नुजहत उभी होती. तिच्याकडे हजराबीनं डोळे भरून पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. सगळ्यांना वाटलं रडते आहे. ती हसत होती.

"तुमी केवढे म्हातारे झाले, अजी," ती म्हणाली. "मले कोनी सांगतलंच नाई."

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. काळ्या चष्म्याच्या वरून बघू नको असं नुजहतनं शंभरदा बजावलं होतं, तरी ती चोरून बघत होती. वेचणीला आलेला कापूस, पाट्या, बायकांच्या साड्या, एका म्हशीच्या पाठीवरचा बगळा. ती प्रत्येक गोष्ट नवऱ्याला सांगत होती आणि तो ती पहिल्यांदाच ऐकतो आहे असा ऐकत होता. दारव्ह्याच्या वाटेवर पुढच्या सीटवरची बाई मागं वळून विचारायला लागली की एवढ्या आनंदात हजला चाललात का.

८

महिनाभर डॉक्टरनी तिला रुईच्या धुळीजवळ जाऊ दिलं नाही. तोवर कोठीत गुलाम नबीच जायचा. पेनवाली लावायची, अकरा पावलं, भिंत, गठ्ठा, परत. भिंतीशी पोचला की तो तिच्याकडे न बघता वळायचा. कडी मात्र आता दिवसाही लावलेली असायची.

जानेवारीच्या शेवटी, कडाक्याच्या थंडीत, एका लग्नाच्या चार रजयांचं काम आलं. हजराबीनं खोळी शिवल्या. टाके असे सरळ की गिऱ्हाइकानं मशीनचे समजले. रुई कमी पडली तेव्हा ती उठली, नवऱ्याच्या खिशाची बॅटरी काढली आणि म्हणाली की मी आणते.

त्यानं नाही म्हणायला तोंड उघडलं. ती तोवर कडी काढून आत गेलीही होती.

तो दुकानात बसून कान लावत राहिला. आतून काही येईना. रुईच्या कोठीतून काही येत नसतंच. त्यानं मनात तिची पावलं मोजली. अकरा झाली. परतीची अकरा झाली. मग आणखी अकरा झाली. तो उठून उभा राहिला, तेवढ्यात दारात तिचा पदर दिसला, मग गठ्ठा, मग ती. तोंड प्रसन्न होतं. केसांत रुई अडकली होती.

"भिंत?" त्यानं विचारलं.

"जाग्यावर हाय. अकरा पावलं."

"मंग एवढा उशीर काहून?"

हजराबीनं गठ्ठा खाली ठेवला, बॅटरी विझवून त्याच्या खिशाला अडकवली. उत्तरेकडची ती भिंत, तिला बारा महिने ऊन लागत नाही, थंडीत तिच्यावर हात ठेवला तर बोटं बधिर होतात.

"हात टेकून पाह्यला," ती म्हणाली. "पलीकडून कोनी पाठ लावून बसलं हाय. बसू द्या."

आणि तिनं तो तळहात त्याच्या गालावर ठेवला. तो उबदार होता, उन्हातून आणलेल्या गादीसारखा.